दोन इस्त्र्यांचा लोड

दुकानासाठी जागा भाड्याने घेताना माणसं काय बघतात, हा माझ्या रागाचा विषय आहे. रस्ता बघतात, समोर गाडी उभी राहील का बघतात, भिंतीचा रंगसुद्धा बघतात. मीटर कोणी बघत नाही. करार होतो, किल्ली हातात येते, बटण दाबतात आणि दिवा लागत नाही, मग ह्यांना वायरमनची आठवण होते. तीस वर्षं हा धंदा करतोय. करार करायच्या आधी मला बोलावलंय असा एक माणूस दाखवा. वहिनींनीही बोलावलं नाही.

वहिनी नात्याने माझ्या कोणी नाहीत. त्यांच्या नवऱ्याला मी दादा म्हणायचो, म्हणून त्या वहिनी. जुन्या बाजारात एका जिन्याखाली दोघांचं इस्त्रीचं दुकान होतं, अठ्ठावीस वर्षं. दादांना सगळा बाजार ‘रेडिओ’ म्हणायचा. सकाळी शटर वर गेलं की तोंडाचा पट्टा सुरू, तो शटर खाली येईपर्यंत. लांब टेबलाच्या एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला वहिनी, दोघांच्या हातात एकेक इस्त्री. ते बोलायचे आणि त्या ‘हं’ म्हणायच्या. एकदा मी चेष्टेने विचारलं, “वहिनी, तुमच्याकडे आवाजाचं बटण नाही का हो?” तर म्हणाल्या, “आहे की. पण माझी पाळीच येत नाही.” दादा हसून हसून खालीच बसले.

मागच्या वर्षी दादा गेले. दुपारी दुकानातच, एका शर्टाची कॉलर अर्धी झालेली असताना. वहिनींनी आधी हातातली इस्त्री बंद केली, मग त्यांची बंद केली, आणि मग मला हाक मारली. त्याच क्रमाने. मी समोरच्या दुकानात शिडीवर होतो. इमारत पाडायची नोटीस तेव्हाच लागलेली होती. चार महिन्यांनी ती पाडायला घेतली आणि वहिनींचं दुकान सुटलं.

त्यांना एकच मुलगी. दुसऱ्या शहरात कपड्यांच्या मोठ्या दुकानात बिलं करते, एका खोलीत एकटी राहते. लग्न केलं नाही, का ते मी कधी विचारलं नाही. वडील गेले तेव्हा पंधरा दिवस राहिली होती. निघताना माझ्यादेखत म्हणाली, “आई, तू नवीन जागा बघ. मी नोकरी सोडून येते. दोघी मिळून करू.” वहिनी ‘हं’ म्हणाल्या. अहो, अशा वेळी तरी दोन शब्द जास्त बोलावेत की नाही? पण अठ्ठावीस वर्षं दुसऱ्याचं ऐकून घेण्यात गेलेली बाई, तिची सवय एका दिवसात कुठून मोडणार.

तर, जागा. वहिनींनी मला बोलावलं तेव्हा किल्ली त्यांच्या हातात होती आणि आत अंधार होता. पूर्वी तिथे एक फोटोवाला होता. मागच्या खोलीच्या भिंती त्याने काळ्या रंगवलेल्या, छताला एक लाल बल्ब लटकत होता. मी दाराबाहेरचं लाकडी खोकं उघडून बघितलं. आत कोळ्याचं जाळं आणि कापलेल्या दोन वायरी.

“मीटर कुठाय?” मी विचारलं.

“खोक्यात असेल ना?”

“खोक्यात कोळी आहे, वहिनी.”

मी कपाळावर हात मारला. फोटोवाल्याने जागा सोडताना आपलं कनेक्शन कायमचं बंद करून मीटर परत दिलं होतं. त्याचं बरोबरच होतं म्हणा. आपण निघून गेल्यावर आपल्या नावावर दुसऱ्याने दिवे का जाळावेत? पण मीटर जागेवर असतं तर नुसतं नाव बदलून चार दिवसांत काम झालं असतं. आता नवीन कनेक्शन. घरमालकाची संमती, कराराची प्रत, मी वायरिंग तपासल्याचा दाखला, आणि लोड.

लोड म्हणजे दुकानात एका वेळी काय काय चालणार त्याची बेरीज. ती थोडी असेल तर घराला असते तशी साधी लाइन पुरते, सिंगल फेज. जास्त झाली तर थ्री फेज. गल्लीत थ्री फेजची केबल कोपऱ्यावरच्या खांबापर्यंतच आलेली. ती दारापर्यंत ओढायची म्हणजे पाहणी, मंजुरी, खोदाई, दीड महिना कुठे गेला नाही. आणि वहिनींकडे दीड महिना नव्हता. एका नर्सिंग होमच्या चादरी आणि पांढरे कोट त्यांना मिळणार होते. तिथल्या मेट्रनबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, एक तारखेला दुकान चालू असलं तर काम तुमचं, नाहीतर दुसरीकडे देते. त्या दिवशी बारा तारीख होती. बाजारातली जुनी गिऱ्हाइकं इमारतीबरोबर पांगली होती, तेव्हा हे एक काम गेलं की वहिनींच्या हातात काही नव्हतं.

मी स्टुलावर बसून यादी करायला घेतली. “दिवे?”

“तीन.”

“पंखे?”

“दोन.”

“इस्त्री वाफेची लागेल. चादरींना साधी चालणार नाही. बॉयलरवाली, तीन किलोवॉटची. एक ना?”

“दोन.”

मी पेन थांबवलं. आता बघा, माझ्या जिभेला हाड नाही हे मला मान्य आहे, पण त्या वेळी मी खरंच जपून बोललो. म्हटलं, “वहिनी, दादांच्या जागी दुसरी इस्त्री ठेवावीशी वाटते, मला कळतं. पण विजेच्या फॉर्मवर—”

“मेलेल्या माणसाला इस्त्री कशाला लागते?” त्या फाडकन म्हणाल्या. “मी काय खुळी आहे? पोरगी येणार आहे. तिच्यासाठी.”

मी वरमलो. “कधी येणार?”

“येते म्हणालीय.”

“हे झालं आठ महिन्यांपूर्वी. आता विचारलंत का? दोन इस्त्र्या म्हणजे थ्री फेज, वहिनी. थ्री फेज म्हणजे एक तारीख गेली.”

त्यावर ‘हं’. फॉर्म माझ्या हातातून घेऊन त्यांनी स्वतःच्या अक्षरात, इस्त्रीसमोर, दोन लिहिलं.

पुढचे तीन दिवस मी रोज विचारत होतो, फोन केलात का? एकदा म्हणाल्या, ती कामावर असेल. एकदा म्हणाल्या, रविवारी निवांत करते. मला ते डोक्यात जायला लागलं. पोरीला एक साधा प्रश्न विचारायचा, येतेस की नाही? त्यात घोडं कुठे अडतं? आज कळतं ते. जोपर्यंत विचारलं नाही तोपर्यंत ती येणारच होती. रोज सकाळी वहिनी उठून त्या रिकाम्या घरात एकटीचा चहा करायच्या, तेव्हा ती येणार होती. ते आठ महिने त्यांनी तेवढ्यावर काढले होते. विचारलं आणि नाही म्हणाली, की संपलं.

पण हे मला तेव्हा कोण सांगणार? सोळा तारखेला आम्ही वीज कार्यालयात गेलो. दीड तास रांगेत काढला. खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म वरून खाली वाचला आणि म्हणाल्या, “सहा किलोवॉटच्या वर जातंय. थ्री फेज. केबलचा अंदाज काढायला माणूस येईल, मग पैसे भरा. दीड-दोन महिने धरा.”

“आणि एक इस्त्री असली तर?” मी विचारलं.

“मग सिंगल. आठवडा, दहा दिवस. पण ठरवा लवकर, जेवायची सुट्टी होते.”

मागे वीस माणसं. कोणीतरी “चला हो पुढे” म्हणालं. वहिनी फॉर्मकडे बघत उभ्या. माझी तार सटकली. भर खिडकीसमोर मी आवाज चढवला, “वहिनी, ठरवा एकदाचं! एक की दोन? ती येणार असेल तर दोन, आणि नर्सिंग होमला राम राम. नसेल तर एक. फोन लावा आणि विचारा!”

त्या रांगेतून बाहेर झाल्या. जिन्याजवळ, पाण्याच्या पिंपाशेजारी उभं राहून त्यांनी फोन लावला. मी पाच पावलांवर होतो. मला त्यांचंच बोलणं ऐकू येत होतं.

“मी बोलतेय. ... नाही गं, सहज. ... जागा ना, मिळाली. छान आहे. ... लहान आहे पण. ... हो, खूपच लहान. एकीलाच पुरेल इतकी. ... नाही, मी म्हटलं तुला सांगावं. नाहीतर तू उगीच नोकरीबिकरी सोडून बसशील. ... चाललीय ना नोकरी नीट? ... मग झालं तर. ... हं. ... हं. ठेवते.”

त्या परत आल्या. मी विचारलं, “काय म्हणाली?”

“बरं म्हणाली.”

“अहो पण तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही तर—”

“एक लिहा.”

मी दोनवर काट मारली आणि शेजारी एक लिहिलं. खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, “खाडाखोड केलीत, तिथे अर्जदाराची सही पाहिजे.” वहिनींनी त्या खोडलेल्या दोनाला खेटून सही केली. सावकाश, पूर्ण नाव, दादांच्या नावासकट. तेवढ्यात खिडकी बंद झाली, पण फॉर्म आत गेला होता.

मी मनाची समजूत घातली, की पुढे ती आलीच तर वाढीव लोडचा अर्ज करता येतो. त्यालाही तोच दीड महिना, पण करता येतो. वहिनींना तसं बोललोही. त्या म्हणाल्या, “बघू.”

नवव्या दिवशी लाइनमन आले आणि मीटर बसलं. मी मुख्य खटका वर केला, दिवे लागले, पंखे फिरले. अशा वेळी दुकानदार काय करतात? टाळ्या पिटतात, फोटो काढतात, निदान चहा सांगतात. वहिनी मीटरसमोर उभ्या राहिल्या आणि विचारलं, “हे माझ्या नावावर आहे?”

“मग कोणाच्या? सही तुमचीच की.”

“जुनं दुकान त्यांच्या नावावर. घर त्यांच्या नावावर. माझ्या नावावर काही झालं असं हे पहिलंच.” मग म्हणाल्या, “दाखवायला कोणी नाही बघा.”

मी पक्कड पिशवीत टाकली.

एक तारखेला चादरी आल्या, तारीख चुकली नाही. काम उत्तम चाललं, मेट्रनबाई खूश. मी आपला काही ना काही निमित्त काढून जायचो. पंख्याचा रेग्युलेटर बघतो, अर्थिंग बघतो. अर्थिंगला काय झालंय, मीच घातलेलं! पण जिन्याखालचं ते दुकान ज्याने पाहिलंय त्याला ह्या दुकानातली शांतता सहन व्हायची नाही. दिवसभर वाफेचा फुस्स आवाज आणि पंख्याची घरघर. चादरीची घडी दोन माणसांची असते, हे तुम्हाला घरी ठाऊक असेलच. दादा एक टोक धरायचे, वहिनी दुसरं, पुढे यायचे, मागे जायचे. आता वहिनींनी भिंतीला दोन मोठे चिमटे ठोकून घेतले होते. चादरीची दोन टोकं त्या चिमट्यांत आणि दोन हातांत. घडी बरोबर यायची. पण चिमटे काही पुढे येत नाहीत, प्रत्येक घडीला ह्यांनाच भिंतीपर्यंत चालत जावं लागायचं. दिवसाला साठ-सत्तर चादरी. मी म्हटलं, “कोणी बाई ठेवा मदतीला.” म्हणाल्या, “इस्त्री एकच. तिला काय उभी करून ठेवू?”

कनेक्शन आल्यापासून तिसरा आठवडा असेल. बुधवारी दुपारी मी मागच्या काळ्या खोलीत हवा बाहेर टाकायचा पंखा बसवत होतो. दारात रिक्षा थांबली आणि मुलगी उतरली. हातात दोन मोठ्या बॅगा.

“अगं, तू?” वहिनींच्या हातातली इस्त्री तशीच राहिली. चादर करपायचीच, मी धावत येऊन उचलली.

“रजा होती,” मुलगी म्हणाली. “म्हटलं जागा बघून येऊ.”

बुधवारी कसली रजा हे मला सुचायला हवं होतं, पण त्या दोघींचे चेहरे बघून मीच खूश झालो होतो. मुलीने बॅगा कोपऱ्यात ठेवल्या, हात धुतले आणि भिंतीवरचे चिमटे बघितले. बराच वेळ बघितले. मग त्यातली चादर सोडवून टोकं स्वतःच्या हातात घेतली. दोघी पुढे आल्या, मागे गेल्या, पुढे आल्या. तासाभरात ढीग संपला. वहिनींच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मी मागच्या खोलीत जाऊन उगाच स्क्रू आवळत बसलो. आनंद झाला होता मला, खोटं कशाला बोलू.

मग कोटांचा गठ्ठा उघडला. मुलगी म्हणाली, “मी काय करू?”

“बस जरा. प्रवास करून आलीस.”

“बसू कशाला? आपली जुनी इस्त्री आहे ना?” तिने फळीखालून जुन्या दुकानातली साधी इस्त्री काढली, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला जागा केली, प्लग लावला. तिच्या वडिलांचं टोक ते. दोन मिनिटं झाली असतील नसतील, खटका पडला. पंखे थांबले, वाफेची इस्त्री गार.

मी बाहेर येऊन खटका वर केला. तिने परत लावली, परत पडला.

“काका, असं का होतंय?”

“दोन चालणार नाहीत,” मी म्हणालो. “एकाच इस्त्रीचा लोड मंजूर आहे.”

“एकाच?”

“हो. म्हणजे आधी फॉर्मवर—” मी बोलता बोलता वहिनींकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की माझ्यासारखा फटकळ माणूस मूग गिळून गप्प बसला. जन्मात पहिल्यांदा आणि नेमका नको तेव्हा.

मुलीने प्लग काढला. वायर इस्त्रीभोवती नीट गुंडाळली. “बरोबर आहे,” ती म्हणाली. “तू फोनवर म्हणाली होतीस ना, एकीचीच जागा आहे. मला वाटलं, तू असंच म्हणतेयस.”

वहिनी म्हणाल्या, “हं.”

देवा! त्या एका ‘हं’ची मला इतकी चीड आली. आणि स्वतःची त्याहून जास्त. मला सांगता आलं असतं, पोरी, तुझ्या आईने आधी दोन लिहिलं होतं, ते खोडून शेजारी सही केलीय, कागद अजून कार्यालयात आहे. एवढं एक वाक्य. मी नाही बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊची बस होती. बॅगा जड होत्या म्हणून मी सोडायला गेलो. एकीची चेन तुटलेली, दोरीने बांधलेली. ती वर चढवताना दोरी सरकली आणि आत उशी दिसली. फुलांच्या अभ्र्याची, वापरून चपटी झालेली उशी. मी बघितलं हे तिने बघितलं. “नीट राहा, काका,” ती म्हणाली, “आणि आईकडे येत जा.” बस निघून गेली.

मी तसाच दुकानात आलो. वहिनींचं काम सुरू होतं, चादर चिमट्यात लावलेली.

“वहिनी, दोन दिवसांसाठी कोणी स्वतःची उशी घेऊन येतं का हो?”

त्यांचे हात थांबले नाहीत. “बघितली मी.”

“कधी?”

“काल. बॅग कोपऱ्यात ठेवली तेव्हाच.”

“ती नोकरी सोडून आली होती, वहिनी!”

“माहीत आहे.”

“मग बोलला का नाहीत?”

“मला वाटलं ती बोलेल.” त्यांनी चादर सोडली. ती चिमट्यांना लोंबत राहिली. “तिला वाटलं असेल, मी बोलेन. आम्हा दोघींना सवयच नाही, भाऊजी. बोलायचे ते हेच बोलायचे. ‘तुझ्या आईला असं म्हणायचंय, तुझ्या पोरीला तसं म्हणायचंय.’ आमच्या दोघींचं तेच बोलून टाकायचे.” आणि मग ती बाई रडली. दादा गेले तेव्हासुद्धा मी तिला रडताना बघितलं नव्हतं.

मी ओरडलो, हो, ओरडलोच. “अहो मग आता फोन करा! बस गाव सोडून गेली नसेल अजून! वाढीव लोडचा अर्ज मी आजच्या आज टाकतो. दीड महिना तर दीड महिना, तोवर ती चादरी धरेल. लावा फोन!” टेबलावरचा फोन उचलून मी त्यांच्या हातात कोंबला.

त्यांनी डोळे पुसले. फोनवर मुलीचं नाव काढलं. अंगठा त्यावर नेला.

मग त्यांनी फोन पालथा घालून टेबलावर ठेवला.

“आत्ता नको,” म्हणाल्या. “झोपली असेल ती.”

सकाळचे साडेनऊ वाजले होते.